आपल्या गावात परक्याची चावडी

करारातलं शेवटून दुसरं-तिसरं कलम आलं की बैठकीचा सूर बदलतो. किंमत, मुदत, मालाची तपासणी, उशीर झाला तर कापायची रक्कम, सगळं ठरून गेलेलं असतं. मग कुणीतरी पान उलटतं आणि प्रश्न येतो: उद्या बिनसलं तर दाद कुठे मागायची? तुमच्या कोर्टात की आमच्या? आणि कुणाच्या कायद्यानं? जपानी भाषेची दुभाषी म्हणून वीस वर्षं मी अशा बैठकांना बसते आहे. पैशावरून मोकळेपणानं हुज्जत घालणारी माणसं या कलमापाशी आली की शब्द मोजून टाकू लागतात. लग्नाच्या बोलणीत काडीमोडाचा विषय निघावा, तसं होतं.

काही वर्षांपूर्वी योकोहामातली एक बोलणी याच कलमावर अडली. दोन्ही बाजूंना आपापल्या वरिष्ठांना विचारायचं होतं. जेवणाची सुट्टी लांबली आणि मला दोनेक तास मोकळे मिळाले. मी बंदराकडे चालत गेले. तिथे ब्रिटिश वकिलातीची जुनी इमारत आहे, १९३१ साली बांधलेली. आता त्या जागेत शहराच्या इतिहासाचा दप्तरखाना आणि संग्रहालय आहे. अंगणात एक मोठं झाड आहे, त्याला ‘तामाकुसु’ म्हणतात. १८५४ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीची माणसं या किनाऱ्यावर उतरली, त्या प्रसंगाच्या चित्रात हे झाड दिसतं. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत ते जळालं आणि पुन्हा मुळातून फुटलं.

त्या झाडाखाली उभं राहून मला पहिल्यांदा नीट उमगलं, की तिकडे खोलीत आम्ही ज्या कलमावर अडलो होतो, त्याच कलमावर एक अख्खा देश एकेचाळीस वर्षं अडून होता. १८५८ पासून १८९९ पर्यंत. तारखा मला पाठ होत्या, परीक्षेला लिहिल्याही होत्या. पण त्या चाळीस वर्षांत कोण कुणाच्या दारात उभं होतं, हा विचार कधी केला नव्हता. तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही.

१८५८ चा तह अमेरिकेच्या टाऊनसेंड हॅरिसनं जपानशी केला. त्यापाठोपाठ त्याच वर्षी हॉलंड, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याशी तसेच तह झाले. बंदरं उघडली, परदेशी व्यापाऱ्यांना तिथे वस्ती करायची मुभा मिळाली. त्यात तीन गाठी होत्या. पहिली न्यायाची: परदेशी माणसानं जपानी माणसाचा गुन्हा केला, तर त्याचा निवाडा त्याच्याच देशाचा वकील, म्हणजे कॉन्सुल, आपल्या देशाच्या कायद्यानं करणार. दुसरी जकातीची: आयात-निर्यातीवर किती कर लावायचा हे जपान एकटा ठरवू शकणार नाही. १८६६ च्या करारानं हा दर बहुतेक मालावर सरसकट ५ टक्क्यांवर आणून ठेवला. तिसरी गाठ सगळ्यांत बारीक: एका देशाला जी सवलत द्याल, ती बाकीच्यांना आपोआप लागू. आणि या तहांना शेवट नव्हता. १८७२ च्या जुलैपासून, वर्षभर आधी सूचना देऊन, फेरविचार मागता येईल, एवढीच सोय होती.

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट ही, की न्यायाच्या कलमावर तेव्हा फारशी घासाघीस झालीच नाही. शोगुनच्या, म्हणजे तेव्हा देशाचा कारभार हाती असलेल्या सेनापतीच्या, अधिकाऱ्यांची झोप उडाली होती ती परदेशी लोक देशाच्या आत येतील का, एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, राहतील का, या प्रश्नांनी. परक्यांची भांडणं परक्यांनीच मिटवावीत, ही त्यांना सोयच वाटली. नागासाकीतल्या देजिमा बेटावर डच व्यापाऱ्यांचं तसंच चालत आलं होतं. ज्या कलमावर पुढे मंत्रिमंडळं पडली आणि रक्त सांडलं, त्यावर सही करताना कुणाचा हात थरथरला नसावा. दुभाषाच्या कामात हे मी शिकले आहे: ज्या वाक्याशी सगळे पटकन मान डोलावतात, ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं वाचावं.

नवं सरकार आलं, सम्राट मेइजींचं, आणि फेरविचाराचं वर्ष जवळ आलं. १८७१ च्या डिसेंबरात इवाकुरा तोमोमि यांच्या नेतृत्वाखाली मोठं शिष्टमंडळ योकोहामाहून निघालं. निम्मं सरकारच जहाजात बसलं होतं म्हणा: किदो ताकायोशि, ओकुबो तोशिमिचि, इतो हिरोबुमि. वॉशिंग्टनमध्ये स्वागत इतकं छान झालं की इथेच तहाचं बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. बोलणीला बसले, तेव्हा समोरून विचारणा झाली, की तह करण्याचं मुखत्यारपत्र कुठे आहे? ते नव्हतं. मग ओकुबो आणि इतो महासागर ओलांडून तोक्योला परत गेले, कागद घेऊन पुन्हा आले. त्यात चार महिने गेले. तोवर मागे राहिलेल्यांच्या लक्षात तिसऱ्या गाठीतली मेख आली होती. अमेरिकेकडून काही मिळवण्यासाठी तिला काही द्यावं लागणार. पण जे दिलं, ते बाकीचे देश बदल्यात काहीही न देता मागून घेणार. बोलणी तिथेच थांबली.

त्या चार महिन्यांच्या फेऱ्याबद्दल वाचताना काही लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही. राज्यकारभाराची एक अख्खी भाषा ही माणसं तिशी-चाळिशीत नव्यानं शिकत होती, आणि शिकताना झालेली प्रत्येक चूक जगासमोर होत होती.

तिथून भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. बड्या देशांचं म्हणणं वरवर साधं होतं: तुमचा कायदा सुधारलेल्या जगाच्या कायद्यासारखा होऊ द्या, मग आमची माणसं तुमच्या न्यायाधीशापुढे उभी करू. म्हणजे आधी परीक्षा द्या. प्रश्नपत्रिका आमची, परीक्षकही आम्हीच, आणि निकाल कधी लावायचा तेही आम्हीच ठरवणार.

या परीक्षेच्या तयारीत जे भाषांतराचं काम झालं, त्याच्याशी माझं वैयक्तिक नातं आहे असं मला वाटतं. मित्सुकुरि रिन्शो नावाचा तरुण विद्वान फ्रेंच कायदे जपानीत आणत होता. त्याला कामाला लावलं होतं नव्या सरकारातल्या एतो शिम्पेइ यांनी, आणि त्यांची सूचना प्रसिद्ध आहे: चुका झाल्या तरी चालतील, पण भाषांतर लवकर करा. ज्या भाषेत त्या कल्पनाच नव्हत्या, त्या भाषेत शब्द घडवत मित्सुकुरि पुढे जात होता. कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या बैठकीत त्यानं एका फ्रेंच संज्ञेसाठी ‘मिन्केन’ असा शब्द ठेवला, म्हणजे लोकांचा हक्क. बैठकीत गदारोळ उठला. लोकांना हक्क असतात म्हणजे काय? मित्सुकुरि समजावून थकला. अखेर एतो मध्ये पडले. त्यांचं म्हणणं असं, की हा शब्द जगवूही नका आणि मारूही नका, तूर्त ठेवून द्या, तो वापरायचा दिवस नक्की येईल.

हा प्रसंग आठवला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. पुढे १८७२ मध्ये एतो न्यायखात्याचे मंत्री झाले. सरकारातून बाहेर पडल्यावर सागा प्रांतातल्या बंडाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये घाईघाईच्या खटल्यानंतर त्यांचा शिरच्छेद झाला. मस्तक चव्हाट्यावर टांगलं गेलं. ज्या माणसानं ‘हक्क’ हा शब्द जपून ठेवा म्हणून सांगितलं, त्याच्या वाट्याला तो आला नाही.

याच काळात तोक्योत गुस्ताव्ह बोआसोनाद हे फ्रेंच कायदेपंडित राहत होते. ते १८७३ मध्ये आले आणि वीसेक वर्षं राहिले. १८७५ मध्ये एके दिवशी काम करत असताना त्यांच्या कानांवर किंकाळ्या आल्या. जवळच एका संशयिताकडून कबुली काढण्यासाठी छळ चालला होता. तेव्हाच्या कायद्यात कबुलीशिवाय शिक्षा देता येत नसे, आणि कबुलीसाठी छळ करणं ही रीतसर प्रक्रिया होती. बोआसोनाद हादरले, धावत गेले, आणि हे थांबवा म्हणून सरकारकडे धरणं धरल्यासारखे मागे लागले. पुढच्याच वर्षी कबुलीची अट गेली, १८७९ मध्ये छळाची तरतूदही कायद्यातून निघाली.

आता इथे मी खूप काळ अडखळत राहिले आहे. छळ बंद झाला तो माणुसकीमुळे की तहासाठी? त्यांचा हेतू दोन्ही असणार. युरोपीय देश आपली माणसं द्यायला का तयार नाहीत, याची जी कारणं ते देत, त्यांत हे कारण वरच्या ओळीत होतं. दाखवण्यासाठी केलेली सुधारणा खरी असते का, असा प्रश्न विचारायची मला आधी फार हौस होती. आता ती राहिलेली नाही. बोआसोनादनी ऐकलेल्या त्या किंकाळ्या ज्याच्या होत्या, त्याच्या जागी दुसऱ्या वर्षी जो कुणी उभा राहिला असता आणि राहिला नाही, त्याच्या लेखी ती सुधारणा पुरेपूर खरी होती.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि एक बाई म्हणून ती मला जास्त जवळून दिसते. बोआसोनादनी कष्टानं रचलेली नागरी संहिता १८९० मध्ये जाहीर झाली, आणि तिच्यावर वादळ उठलं. या कायद्यानं निष्ठा आणि मातापित्यांबद्दलची भक्ती लयाला जाईल, असा आरोप होझुमि यात्सुका या कायदेपंडितानं केला. १८९२ मध्ये ती संहिता लांबणीवर पडली. मग तीन जपानी पंडितांनी नवी रचली आणि १८९८ च्या जुलैत ती अमलात आली. करार, मालमत्ता, देणी-घेणी, यांत ती युरोपातल्या कुणालाही ओळखीची वाटेल अशी होती. कुटुंबाच्या भागात मात्र घराच्या प्रमुखाचा अधिकार कायद्यानं पक्का केला, आणि लग्न झालेल्या बाईला कर्ज काढणं, जमीन घेणं-विकणं असे महत्त्वाचे व्यवहार नवऱ्याच्या परवानगीशिवाय करता येणार नाहीत असं ठरलं. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं नाही. ठेवणार तरी कसे? त्यांच्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या संहितांत तेच होतं. परक्या व्यापाऱ्याला न्याय मिळेल याची खातरी वर्षानुवर्षं चाललेल्या बोलणीत शब्दाशब्दानं करून घेतली गेली. घरातल्या बाईबद्दल कुणी विचारलंच नाही. ती दुरुस्ती व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं.

आता नॉर्मंटन. दुभाषा म्हणून मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सहन होत नाही, आणि म्हणूनच ती जरा सविस्तर सांगते.

१८८६ च्या ऑक्टोबरातली २४ तारीख. नॉर्मंटन नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज योकोहामाहून कोबेला चाललं होतं. त्यात २५ जपानी प्रवासी होते. किई द्वीपकल्पाजवळ, आजच्या वाकायामाच्या किनाऱ्यालगत, वादळात जहाज खडकावर आदळलं. कप्तान ड्रेक आणि त्याचे युरोपीय खलाशी बोटींत बसून वाचले. जपानी प्रवाशांपैकी एकही वाचला नाही. भट्टीवर कोळसा ओढणारे हिंदी खलाशीही बुडाले. कोबेतल्या ब्रिटिश वकिलातीत चौकशी झाली. कप्तानानं सांगितलं, की आम्ही प्रवाशांना बोटीत या म्हणून सांगत होतो, पण त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, ते आतून बाहेर आलेच नाहीत. चौकशीत कप्तान निर्दोष ठरला.

त्यांना इंग्रजी कळत नव्हतं.

जहाज बुडत असताना ‘चला’ म्हणायला भाषा लागते का? हात धरून ओढता येतं. मूल असेल तर उचलता येतं. आयुष्यभर दोन भाषांच्या मधल्या अरुंद फळीवरून माणसं पलीकडे नेण्याचं काम करणारी मी, मला माहीत आहे की समजावून सांगायची खरी इच्छा असेल तेव्हा माणूस बोटांनी, डोळ्यांनी, कागदावर रेघा ओढून सांगतो. आणि त्याहूनही मोठी गोष्ट चौकशीतली. प्रवाशांपैकी कुणीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्या रात्री काय झालं हे सांगायला फक्त वाचलेलेच होते. साक्षीदार खलाशी, न्यायासनावर त्यांच्याच देशाचा कॉन्सुल, भाषा त्यांची, कायदा त्यांचा. आणि हे सगळं जपानच्या भूमीवर. आपल्या गावात परक्याची चावडी.

जपानभर आग पेटली. वर्तमानपत्रांनी मृतांच्या कुटुंबांसाठी वर्गणी गोळा केली, गाणी रचली गेली. सरकारनं फिर्याद पुन्हा उभी केली आणि डिसेंबरात योकोहामाच्या ब्रिटिश कोर्टानं कप्तानाला दोषी धरून तीन महिन्यांची कैद दिली. नुकसानभरपाई नाही. पंचवीस माणसं आणि तीन महिने.

तोवर ‘तहाची दुरुस्ती’ हा मंत्र्यांच्या आणि वकिलांच्या चिंतेचा विषय होता. १८७९ मध्ये कॉलऱ्याची साथ असताना जर्मन जहाज ‘हेस्पेरिया’ विलगीकरण मोडून, जर्मन युद्धनौकेच्या सोबतीनं योकोहामा बंदरात शिरलं होतं. जपानचे आरोग्यनियम आमच्या जहाजांना लागू नाहीत, असा जर्मन बाजूचा पवित्रा होता. त्या वर्षी जपानात कॉलऱ्यानं एक लाखाहून जास्त माणसं गेली. साथ आधीच सुरू झालेली होती, सगळा दोष त्या जहाजावर टाकता येणार नाही. पण बंदरात कोण शिरणार हेदेखील आपल्या हातात नाही, हे तेव्हा उघड झालं होतं. नॉर्मंटननंतर ते घरोघरी पोचलं. दूध घालणाऱ्यापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांना एका कलमाचा अर्थ कळला.

याच सुमाराला परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु तोक्योत परदेशी वकिलांची परिषद भरवून बसले होते. त्यांनी १८८३ मध्ये रोकुमेइकान नावाचा दिमाखदार महाल उघडला होता, पाश्चात्त्य वेशात नाच-मेजवान्यांसाठी. आम्हीही तुमच्यासारखेच आहोत हे दाखवायचा तो मार्ग. त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. मला त्यातल्या बायकांबद्दल वाटतं, ज्यांना एका हिवाळ्यात कंबर आवळणारे पोशाख घालून अनोळखी पुरुषांबरोबर नाच शिकावा लागला, देशाचं काम म्हणून. इनोउएंच्या मसुद्यात असं होतं, की परदेशी माणूस गुंतलेल्या खटल्यांत बहुसंख्य न्यायाधीश परदेशी असतील, आणि संहिता पाश्चात्त्य तत्त्वांवर तयार करून त्या देशांना कळवल्या जातील. विरोध कुणी केला? बोआसोनाद यांनीच. आत्ताचा अन्याय बंदरांपुरता आहे, हा तह झाला तर तो देशभर पसरेल, असं त्यांनी १८८७ मध्ये बजावलं. युरोपातून नुकतेच परतलेले मंत्री तानि तातेकि यांनी राजीनामा दिला. बोलणी बेमुदत पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबरात इनोउएही गेले.

नंतर आले ओकुमा शिगेनोबु. त्यांनी परिषदा सोडून एकेका देशाशी वेगळं बोलायला घेतलं, आणि १८८८ मध्ये मेक्सिकोशी पहिला बरोबरीचा तह जमवला. पण मोठ्या देशांसाठीच्या मसुद्यात सर्वोच्च न्यायालयात परदेशी न्यायाधीश बसवायचं होतं, आणि ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फुटलं. १८८९ च्या ऑक्टोबरात एका तरुणानं त्यांच्या घोडागाडीवर बाँब टाकला आणि तिथेच स्वतःचा गळा चिरला. ओकुमा वाचले, उजवा पाय गेला. बोलणी पुन्हा थांबली.

१८९१ मध्ये नवे परराष्ट्रमंत्री आओकि शूझो यांच्या हाती ब्रिटनशी गोष्टी जमत आल्या होत्या, आणि ओत्सु गावात भलतंच घडलं. रशियाचा युवराज निकोलस तिथे आलेला असताना बंदोबस्तावरच्या त्सुदा सान्झो नावाच्या पोलिसानंच त्याच्यावर तलवार चालवली. युवराजाच्या डोक्याला जखम झाली. देशाला धडकी भरली: रशिया चढाई करून आला तर? त्सुदाला फाशी द्या, असा सरकारचा हुकूमवजा आग्रह होता, आणि त्यासाठी राजघराण्यावरच्या हल्ल्याचं कलम लावायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा इकेन यांना पदावर येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ते म्हणाले, ते कलम आपल्या राजघराण्यासाठी आहे, परक्या युवराजासाठी नाही. कायद्यात जे लिहिलेलं नाही, ते भीतीपोटी वाचायचं नाही. त्सुदाला खुनाच्या प्रयत्नासाठी जन्मठेप झाली. रशिया चालून आला नाही. आओकिंना मात्र जावं लागलं.

कोजिमांबद्दल एक गोष्ट लपवू नये. ते स्वतः त्या खटल्याच्या पीठावर नव्हते. पीठावरच्या न्यायाधीशांना भेटून, समजावून त्यांनी त्यांची मतं वळवली. न्यायाच्या स्वातंत्र्यासाठी न्यायाधीशांवर दबाव आणणं हेही बरोबर नव्हे, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तरी मला त्या मे महिन्यातले कोजिमा फार मोठे वाटतात. वीसेक वर्षं परक्यांना दाखवण्यासाठी जे घर बांधत आणलं होतं, त्यात ते खरोखर राहायला गेले. कुणी बघत असो वा नसो, भिंत भिंतीसारखीच उभी राहिली पाहिजे, या आग्रहानं.

पुढचं लवकर सांगता येतं. १८९२ मध्ये जपानी नौदलाचं ‘चिशिमा’ हे जहाज जपानच्याच अंतर्गत समुद्रात एका ब्रिटिश कंपनीच्या ‘राव्हेना’ जहाजाशी टक्कर होऊन बुडालं, ७४ जण गेले, आणि दाद मागायला जपान सरकारला ब्रिटिश कोर्टात जावं लागलं. योकोहामा, मग शांघाय, मग लंडन. १८९५ मध्ये दहा हजार पौंडांवर समेट झाला. तोवर परराष्ट्रमंत्री मुत्सु मुनेमित्सु यांनी गाठ सोडवली होती. हा माणूस सरकारविरुद्धच्या कटात सामील म्हणून तुरुंगात राहून आलेला, आणि तिथे बसून त्यानं बेंथम या इंग्रज विचारवंताचं कायद्याच्या तत्त्वांवरचं पुस्तक जपानीत आणलेलं. तोही वाकायामाचाच, जिथे नॉर्मंटन बुडालं तिकडचा. १६ जुलै १८९४ ला लंडनमध्ये ब्रिटनशी नव्या तहावर सही झाली. अट अशी, की तह पाच वर्षांनी लागू होईल आणि त्याआधी नव्या संहिता अमलात आलेल्या असतील. १७ जुलै १८९९ ला परक्यांची कोर्टं उठली. जकातीचा पूर्ण हक्क मिळायला १९११ साल यावं लागलं.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण सही झाली त्याच्या दहाच दिवसांच्या आत जपानच्या तोफा कोरियाच्या किनाऱ्याजवळ चिनी जहाजांवर सुरू झाल्या होत्या.

कोरियाशी जपाननं १८७६ मध्ये कांग्वा बेटावर तह केला होता. आधी युद्धनौका नेऊन, पेरीनं केलं तसंच. त्या तहाच्या दहाव्या कलमात लिहिलं आहे, की कोरियाच्या बंदरांत जपानी माणसानं गुन्हा केला तर त्याचा निवाडा जपानी अधिकारी करतील. तो तह करायला गेलेले दोघं कोण होते? कुरोदा कियोताका, जे ओकुमांवर बाँब पडला तेव्हा पंतप्रधान होते. आणि इनोउए काओरु. तेच, रोकुमेइकानचे. दहा वर्षांनी युरोपीय वकिलांसमोर बसून या कलमाचा काच ज्यांनी सोसला, त्यांनी आधी तेच कलम दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर काय करते, याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. इथे तर दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

आणि मग १८९५ चा ऑक्टोबर. सोलच्या राजवाड्यात घुसून कोरियाच्या राणीची हत्या झाली. त्यात जपानचे वकील मिउरा गोरो आणि त्यांची माणसं होती. कोरियाच्या कोर्टाला त्यांना हात लावता येत नव्हता, दहाव्या कलमामुळे. त्यांना जपानला नेलं, हिरोशिमात पूर्वचौकशी झाली आणि १८९६ च्या जानेवारीत पुराव्याअभावी सगळे सुटले.

हिरोशिमाचा तो निर्णय मी वाचला आहे. भाषांतर करणारी माणसं वाक्याच्या चालीवरून लिहिणाऱ्याचा श्वास ओळखतात. निर्णयात कट कसा शिजला ते आहे, माणसं कशी जमवली ते आहे, पहाटे राजवाड्याच्या दारातून ती आत कशी शिरली ते आहे. वाक्यं एकामागून एक आतल्या दालनांपर्यंत चालत जातात. आणि तिथे, उंबऱ्यावर, थांबतात. पुढचं वाक्य एवढंच: आरोपींपैकी कुणी प्रत्यक्ष गुन्हा केल्याचा पुरेसा पुरावा नाही. मी ते पान कितीदा तरी मागेपुढे केलं, मधलं वाक्य गळलं आहे का म्हणून. गळलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं श्वास रोखून उडी मारली होती. नॉर्मंटनच्या चौकशीनंतर नऊ वर्षं झाली होती.

त्या दिवशी योकोहामात मला यातलं निम्मंच माहीत होतं. मी दप्तरखान्यातून परत आले तेव्हा दोन्ही बाजू बसलेल्या होत्या. निर्णय असा झाला, की वाद झाल्यास दाद दोघांच्याही देशात नाही, तिसऱ्या ठिकाणच्या लवादाकडे मागायची. जपानी बाजूचे वयस्कर वकील माझ्याकडे वळून म्हणाले, एकदा वाचून दाखवाल का, सावकाश. मी ते कलम दोन्ही भाषांत वाचलं. कुणीतरी मान डोलावून पान उलटायला हात पुढे केला. मी थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.